शास्त्रज्ञ माणूस प्रयोगशाळा सोडून सरकारी पदं, कुलगुरूपद असं करत गेला तर त्याचं विज्ञान वाया जातं का?

सरसकट वाया जातं असं म्हणू नका भाऊ, आधी वसंत गोवारीकरांकडे बघा. मी राहतो नागपूरला पण घर काटोलकडचं, संत्रा आणि कपाशी, त्यामुळे आमच्याकडे हे नाव रॉकेटमुळे नाही, पावसाच्या अंदाजामुळे माहीत. 1987 च्या दुष्काळात आमच्या विहिरीनं तळ गाठला होता, आणि 88 ला रेडिओवर ऐकलं की यंदा पाऊस चांगला, तर बाबा नुसते हसले. पण बाप्पा, देशात सरासरीच्या 119 टक्के पडला!

गंमत म्हणजे गोवारीकर हवामानवाले नव्हतेच. बर्मिंगहॅमहून केमिकल इंजिनिअरिंगमधली पीएचडी, 67 ला इंग्लंडातलं बस्तान सोडून केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात आले आणि रॉकेटच्या घन इंधनात मुरले, 1980 ला रोहिणी उपग्रह वर नेणाऱ्या एसएलव्ही-3 रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचेच आणि तेव्हा तिथले डायरेक्टर हेच. मग 86 ला दिल्लीत विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव, हवामान खातं तेव्हा त्याच विभागाखाली होतं, म्हणून तर एल निनो (म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं), युरेशियातला बर्फ, वरच्या हवेतले वारे असे 16 घटक घेऊन पावसाचा आकडा आधीच सांगायचं मॉडेल उभं राहिलं. मला वाटतं खुर्ची नसती तर रॉकेटवाल्याचं पावसाबद्दल कोणी ऐकलंही नसतं. पुढे पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार, 95 ते 98 पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, मधेच मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही.

आता खोटं कशाला बोलू, मॉडेल तोंडावर पण आपटलं. 2002 ला अंदाज सर्वसाधारण पावसाचा आणि प्रत्यक्षात 19 टक्के तूट, जुलै कोरडा गेला, आमच्याकडे दुबार पेरणी. 2003 पासून नवीन मॉडेल आलं. आणि तसाही आख्ख्या देशाचा एक आकडा, त्यात काटोल तालुक्याला काय मिळणार, ही तक्रार माझी आजही आहे. पण आधी आकडा सांगायचा आणि मग सगळ्यांसमोर तपासून घ्यायचा, एवढी हिंमत किती साहेब करतात सांगा.

2 जानेवारी 2015 ला गोवारीकर गेले. त्यानंतरही मे लागला की बाबा माझ्या मोबाईलकडे बघून विचारायचे, "काय म्हणते रे गोवारीकर औंदा?"