रमण्यातला रुपया

प्रश्न : इतिहासाच्या पुस्तकांत धर्म, राजकारण आणि अर्थकारण यांची प्रकरणे वेगवेगळी असतात. समाजाला वळण लावण्यात या तिघांपैकी खरा वाटा कोणाचा मानावा? आपल्याकडचे एखादे उदाहरण घेऊन सांगावे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ही प्रकरणे लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी पाडलेली असतात, त्या काळी जगणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती. एखादा रुपया कोणाच्या हातून निघाला, कोणाच्या हाती पडला आणि तो कोणाला द्यायचा हे कोणी ठरवले, एवढे पाहिले तरी तिघांची गुंतागुंत उलगडू लागते. त्यासाठी पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

ही प्रथा मुळात पेशव्यांची नव्हे. सेनापती दाभाडे आपल्या तळेगावी दरवर्षी ब्राह्मणांना भोजन घालून दानधर्म करीत असत. 1731 च्या एप्रिलमध्ये डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाने त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला आणि त्रिंबकराव मारले गेले. भांडण गुजरातच्या वसुलीचे आणि शाहू महाराजांच्या दरबारातील वजनाचे होते, धर्माचा त्यात काही प्रश्न नव्हता. मात्र त्यानंतर दाभाड्यांचा हा दानधर्म बाजीरावाने पुण्यात चालू ठेवला आणि त्याच्या वारसांनी तो वाढवला. प्रतिस्पर्ध्याची फौज मोडणे एक वेळ सोपे असते, त्याचे पुण्य आपल्या नावे करून घेणे अधिक अवघड आणि अधिक टिकाऊ असते. साताऱ्याला छत्रपती असताना पुण्याला स्वतःचे तेज आणायचे, तर त्या काळी श्रावणातील दानाइतका उपयोगी मार्ग क्वचितच दुसरा असेल.

पुढे ही दक्षिणा पर्वतीच्या पायथ्याशी, भिंती घातलेल्या मोकळ्या आवारात वाटली जाऊ लागली. त्या आवाराला रमणा म्हणत. काशीपासून कर्नाटकापर्यंतचे ब्राह्मण भर पावसात पुण्याला येत. शास्त्र्यांची विद्वत्ता आधी पारखली जाई आणि मोठ्या पंडितांचा मान वेगळा ठेवला जाई. बाकीच्यांना रमण्यात घेऊन दारे लावली जात आणि मग बाहेर पडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवली जाई, म्हणजे तोच गृहस्थ पुन्हा रांगेत उभा राहायला नको. दान देणाऱ्याची श्रद्धा कितीही निर्मळ असो, कारकुनाला हिशेब जुळवावाच लागतो, हे त्या बंद दारांवरून समजते.

आता पैशाचे पाहू. हा पैसा रयतेच्या सारावसुलीतून आणि बाहेरच्या मुलखातील चौथाई-सरदेशमुखीतून आला, तोही बहुतेक वेळा सावकाराकडे फिरून. पहिला बाजीराव कर्जाने कायम गांजलेला असे. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या एका पत्रात, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून कपाळाची कातडी गेली, अशा अर्थाची त्याची तक्रार आहे. गंमत अशी की ज्यांच्याकडे हे गाऱ्हाणे गायिले ते स्वामी त्याचे गुरू होतेच, शिवाय त्याला कर्ज देणाऱ्यांपैकीही एक होते. गुरू, धनको आणि दरबारातील सल्लागार ही तीन माणसे एकाच देहात नांदत असतील, तर धर्म कोठे संपला आणि अर्थकारण कोठे सुरू झाले याची रेघ आपण कशी ओढणार?

या दक्षिणेमुळे पुण्याला विद्येचे केंद्र म्हणून नाव मिळाले आणि येणाऱ्या माणसांमुळे पेठांतील उदीमही चालला असणार. पण त्याच दक्षिणेने राज्याच्या तिजोरीवर कोणाचा हक्क आहे हेही दरवर्षी सर्वांसमक्ष सांगितले. ज्या कुणब्याच्या साऱ्यातून तो रुपया आला, त्याला रमण्याच्या दारातून आत प्रवेश नव्हता. उत्तर पेशवाईची जातिव्यवस्था केवळ धर्मग्रंथांतून समजून घेऊ पाहणाऱ्यांनी ही बाब विसरू नये. ग्रंथ पूर्वीही होते, त्यांच्यामागे एवढी मोठी रक्कम दरसाल उभी राहणे नवे होते.

प्रश्न : इंग्रज परधर्मी, आणि कंपनी म्हणजे व्यापारी. मग 1818 नंतर त्यांनी ही दक्षिणा बंद का केली नाही? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : भीतीपोटी आणि धूर्तपणापोटी, असे दोन शब्दांत म्हणता येईल. 1818 च्या फेब्रुवारीत काढलेल्या जाहीरनाम्यात कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने वतने, इनामे आणि देवस्थानांची नेमणूक चालू राहील असा भरवसा दिला होता. पुण्यातील ब्राह्मणवर्ग बिथरला तर नवे राज्य जड जाईल, हे तो ओळखून होता. त्यामुळे दक्षिणेची रक्कम उतरवून सुमारे 50,000 रुपयांवर आणली, पण ती बुडवली नाही. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही याच दक्षिणेच्या पैशाच्या आधाराने. पुढे सरकारने नवी नावे घेणे थांबवले. ज्यांची नेमणूक होती त्यांना हयातीपर्यंत मिळेल, आणि त्यांच्यामागे उरणारा पैसा उपयुक्त विद्येकडे वळवावा, असे धोरण ठरले. दानाचा संकल्प न मोडता दानाचा अर्थ बदलून टाकण्याची ही रीत होती. तिच्यात आरडाओरडा होत नाही, कारण कोणाच्या ताटातले काढून घेतलेले दिसत नाही; फक्त पुढच्या पिढीचे ताट मांडले जात नाही.

प्रश्न : लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांचा दक्षिणेच्या वादाशी काय संबंध होता? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : संबंध निकटचा होता, आणि शेवट कडवट. 1849 मध्ये लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरि देशमुख, आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. अर्जदार बहुतेक ब्राह्मणच होते, तरी पुण्यातील सनातनी मंडळी त्यांच्यावर खवळली, कारण प्रश्न नुसत्या पैशाचा नव्हता. संस्कृत पाठांतराला मिळणारे मोल मराठी गद्याला मिळू लागले, तर विद्वान कोणाला म्हणायचे हेच बदलणार होते. अर्ज देण्याच्या वेळी दांडगाई होण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा वयाची पंचविशीही पुरी न झालेल्या जोतीरावांनी दलित वस्त्यांतील आणि श्रमकरी जातींतील माणसे जमवून अर्जदारांना संरक्षण दिले. या प्रसंगाला आपल्या शालेय पुस्तकांत जेवढी जागा मिळते त्याहून पुष्कळ अधिक मिळायला हवी, असे माझे मत आहे.

1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. मराठी गद्याच्या पहिल्या पिढीला, विशेषतः भाषांतरांना, तिच्या बक्षिसांचा मोठा टेकू मिळाला. याच निधीतून पुढे फेलोशिप निघाल्या आणि त्या मिळवणाऱ्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे होते. रमण्यात हातावर पडणारा रुपया पन्नास-साठ वर्षांत महाविद्यालयातील तरुण अध्यापकाची वृत्ती झाला होता. बदल थोडा नव्हे. तरीही हात बहुतेक त्याच जातीचे राहिले, हे भांडारकर-रानड्यांविषयी पूर्ण आदर ठेवूनही नोंदवावे लागते.

जोतीरावांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. एक जोशी एका गरोदर शेतकरणीला ग्रहांची भीती घालतो आणि ते नवरा-बायको शांतीसाठी व ब्राह्मणभोजनासाठी आपल्या ऐपतीबाहेर खर्च करतात, असे त्याचे कथानक आहे. श्रावणदक्षिणेचीच ती घरगुती आवृत्ती म्हणा ना. फरक एवढाच की येथे वसूल करणारा आणि घेणारा एकच आहे. कमिटीने नाटक स्वीकारले नाही. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त नमूद करून ठेवले आहे. ज्या अर्जाच्या पाठीशी ते माणसे घेऊन उभे राहिले, त्या अर्जातून निघालेल्या बक्षिसाचा दरवाजा त्यांच्या नाटकाला असा बंद झाला. ते नाटक छापून वाचकांसमोर आले ते 1979 मध्ये.