गल्ल्याला विचारू नकोस

चि. पोरी,
अनेक शुभाशीर्वाद.

परवा तू आलीस, बाबांच्या अल्बमच्या धंद्याची वही पुढ्यात टाकलीस आणि म्हणालीस, "काका, यात चूक दाखवा." चूक नाहीच गं त्यात. लग्नसराईत मशीनला उसंत नाही, उधारी वसूल होतेय, बाबा नव्या मशीनसाठी कर्ज काढायला निघालेत. तुला दिसतंय की नवराबायको आता छापील अल्बम मागेनासे झालेत. आणि वही म्हणते, गप्प बस. तू गोंधळलीस ती इथे. गल्ल्याला विचारून पुढचं ठरवू नकोस, एवढंच मला सांगायचंय.

जाताना 'कोडॅकसारखं झोपून राहायचं का' म्हणालीस, ते मला टोचलं. कोण झोपलं होतं? पहिला डिजिटल कॅमेरा त्या अमेरिकन फिल्म कंपनीच्याच घरात जन्मला. १९७५ साली, रॉचेस्टरला, स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरच्या हातून. सुपर-८ या घरगुती सिनेमा कॅमेऱ्याची लेन्स, सोळा बॅटऱ्या, साडेतीन किलोचा डबा. एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. टीव्हीवर फोटो कोण बघत बसणार, असं साहेबांनी त्याला विचारलं. पुढे १९८१ मध्ये कंपनीच्याच व्हिन्सेंट बाराबा यांनी अभ्यास करून सांगितलं की डिजिटल फिल्मची जागा घेऊ शकेल, तयारीला दहाएक वर्षं आहेत. म्हणजे सगळं माहीत होतं! पण एक रोल विकला की त्याच्यामागून केमिकल खपायचं, मग कागद. एका फोटोत गल्ला तीनदा वाजायचा. डिजिटलमध्ये तो वाजेना, म्हणून त्यांनी गल्ल्याचं ऐकलं. २००१ मध्ये ऑफोटो ही इंटरनेटवर फोटो ठेवायची कंपनी घेतली, तीसुद्धा लोकांनी जास्त प्रिंट काढाव्यात म्हणून. २००५ मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त डिजिटल कॅमेरे त्यांचेच खपले, तरी फिल्मसारखा पैसा त्यात नव्हता. १९ जानेवारी २०१२ ला दिवाळखोरीचा अर्ज गेला. आणि ही कंपनी कोणाची? काचेवर फोटो काढायच्या ड्राय प्लेटचा चालता धंदा मागे टाकून फिल्म धरणाऱ्या जॉर्ज ईस्टमनची. तो गल्ल्याला विचारत बसला असता तर आपण आयुष्यभर काचाच धुतल्या असत्या.

हे मी तावातावाने लिहितोय, कारण २००३ साली मीही कर्ज काढून फिल्मची मिनिलॅब, म्हणजे रोल धुवून फोटो छापायचं मशीन, घेतली. काउंटरवरचा मुलगा म्हणत होता, काका, डिजिटलवाली घेऊ. मी त्याला वही दाखवली. गणपती आणि दिवाळीचे आकडे बोट ठेवून वाचून दाखवले. तीन वर्षांनी असं झालं की सकाळी डेव्हलपर, म्हणजे रोल धुवायचं केमिकल, ३८ अंशांवर आणून बसायचो आणि दिवसभरात धुवायला रोल यायचे दोन. रोल कमी आले की टाकीतलं केमिकल पडून खराब होतं. तेही ओतून द्यायचो, आणि हप्ता भरायचो.

हावरट नव्हतो मी. लॅबवर चार पोरांची घरं चालत होती. डिजिटलवाल्या मशीनची किंमत ऐकून कोणीही मागेच सरला असता. फिल्मवर माझा जीव होता, अजून आहे. हायपोचा, फोटो पक्का करायच्या त्या केमिकलचा, वास आला की आजही मी थांबतो. त्यासाठी मी कोणाची माफी मागणार नाही. पण मशीन घेताना मी जिवाचं ऐकलं नव्हतं, गल्ल्याचं ऐकलं होतं.

आता फुजी या जपानी फिल्म कंपनीचं उदाहरण देऊन मला 'बघा, त्यांना जमलं' असं सांगू नकोस. जमलं, पण कशाच्या मोलाने? त्यांचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी फिल्मचा पसारा आवरला, माणसं कमी केली आणि फिल्मच्या रसायनातली विद्या एलसीडीच्या पडद्याला लागणाऱ्या फिल्ममध्ये, चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये नेली. पोटाला चिमटा बसणार, हे धरूनच चाल. बाबा चिडतील. चिडू देत. माणूस आयुष्याची कमाई पणाला लावतो तेव्हा चिडणारच, तू आवाज चढवू नकोस. फक्त त्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करू नकोस, कितीही रडारड झाली तरी.

रविवारी बाबांना घेऊन ये. माझी २००३ ची वही माळ्यावर आहे, काढून ठेवतो. तीही त्यांना तपासू दे. तिच्यातसुद्धा त्यांना एक चूक सापडायची नाही.

तुझा,
काका