नोबेलविजेते सोबत असूनही हेज फंड बुडू शकतो का?

हो, बुडू शकतो. १९९४ मध्ये जॉन मेरिवेदर यांनी सुरू केलेल्या ‘लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ या अमेरिकी हेज फंडात (म्हणजे मोजक्या श्रीमंत गुंतवणूकदारांचा पैसा जोखमीच्या व्यवहारांत लावणाऱ्या खासगी फंडात) मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे भागीदार होते आणि दोघांनाही १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते. जवळपास सारख्याच दोन रोख्यांच्या किमतींतील फरक कालांतराने मिटतो, या गृहीतकावर त्यांचे बरेच व्यवहार उभे होते. हा फरक अतिशय लहान असल्यामुळे, त्यातून डोळ्यांत भरणारा नफा मिळवायचा तर प्रचंड कर्ज काढणे भाग होते; १९९८ च्या सुरुवातीला सुमारे ४७० कोटी डॉलरच्या भांडवलावर १२,००० कोटींहून अधिक डॉलरचे कर्ज होते. माझ्या मते खरी चूक गणितात कमी आणि या कर्जात अधिक होती, कारण अंदाज बरोबर ठरेपर्यंत थांबण्याची मुभाच कर्जदाराला नसते.

ऑगस्टमध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, घाबरलेले गुंतवणूकदार सर्वांत सुरक्षित रोख्यांकडे धावले आणि मिटायला हवा होता तो फरक उलट वाढत गेला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेचा भाग) मध्यस्थीने १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर घालून फंड ताब्यात घेतला. भागीदारांची स्वतःची मोठी संपत्तीही त्याच फंडात होती. तीही जवळजवळ सगळी गेली.