मागच्या तारखेच्या परमिटवर सही करू नका

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत मी शेड आणि पत्र्याची कामे ठेक्याने घेतो. माझ्याकडे 14 माणसे आहेत, कंत्राटदाराचे लायसन्स काढलेले नाही. एका कंपनीच्या शेडचे जुने सिमेंट पत्रे बदलायचे काम चालू होते. शटडाउन (कारखाना बंद ठेवायचा काळ) संपायच्या आत उरका, असा कंपनीच्या इंजिनिअरचा व्हॉट्सॲपवर निरोप आला आणि रविवारी परमिट (काम सुरू करायची कंपनीची लेखी परवानगी) न देताच त्याने माणसे वर चढवायला सांगितले. माझ्या 35 वर्षांच्या कामगाराचा पाय फायबरच्या पत्र्यावर पडला आणि तो 22 फुटांवरून मशीनच्या फाउंडेशनवर आदळला. मांडीचे हाड आणि मणका फ्रॅक्चर आहे. मिरजेत ऑपरेशन झाले. अंगात बेल्ट होता, पण हूक अडकवायला वर काही नव्हते. तो कामाला लागून आठवडाच झाला होता. माझा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) कोड आहे, पण त्याचा नंबर काढायचा राहिला होता. रोज 700 रुपये. आता कंपनी म्हणते की वर्कऑर्डरप्रमाणे सगळी जबाबदारी तुमची, रविवारच्या तारखेच्या परमिटवर आणि टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधी कामगारांना द्यायच्या सुरक्षेच्या माहितीच्या) रजिस्टरवर सही करा, मग बिल सोडतो. पोलिसांचा फोन आला आहे. कामगाराच्या घरचे दोन लाखांत मिटवू म्हणतात. काय करू?

उत्तर : आधी सहीचे बोलू, कारण बाकीचे सगळे सुधारता येईल, ही सही मागे घेता येणार नाही. करू नका.

परमिटच्या कागदावर रकाने असतात : लाइफलाइन (बेल्टचा हूक अडकवायचा दोर) बांधली, क्रॉलिंग बोर्ड (पत्र्यावर चालायच्या फळ्या) टाकले, फायबरचे पत्रे झाकले, कामगारांना माहिती दिली. प्रत्येकापुढे बरोबरची खूण आणि खाली परमिट घेणारा म्हणून तुमची सही. म्हणजे सोय होती, माहितीही दिली होती, तरी ठेकेदाराच्या माणसांनी ती वापरली नाही, असे तुम्हीच लिहून दिल्यासारखे होते. शिवाय न घडलेल्या गोष्टीचा मागच्या तारखेचा कागद बनवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 खाली बनावट दस्तऐवजाचा गुन्हा ठरू शकतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आणि तो कागद टिकतही नाही. रविवारचे गेट रजिस्टर आणि इंजिनिअरचा मेसेज त्याच्याविरुद्ध बोलतात.

त्याऐवजी आजच कंपनीला ईमेल करा आणि त्याचीच प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवा. मजकूर एवढाच पुरे : ‘अमुक तारखेला सदर कामासाठी परमिट देण्यात आले नव्हते. त्या तारखेच्या परमिटवर व टूलबॉक्स टॉक रजिस्टरवर आता सही करणे शक्य नाही. त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण, गेट रजिस्टर व अपघाताचा अहवाल जपून ठेवावा आणि अपघाताच्या सूचनेची प्रत द्यावी.’ आरोप नको, राग नको. सीसीटीव्हीचा उल्लेख आजच हवा, कारण चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर न्यायालयात भागत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यासाठी मूळ फोन लागतो.

आता जबाबदारी कोणाची. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कारखाने अधिनियम 1948 आणि कंत्राटी कामगार अधिनियम 1970 व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आले, तर नुकसानभरपाई आणि ईएसआयचे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत. विसंगत नसलेले जुने नियम तूर्त चालू आहेत. लायसन्सची काळजी सोडा. ती अट 50 कंत्राटी कामगारांपासून लागते आणि महाराष्ट्रात 2016 च्या दुरुस्तीनंतर आधीही तेवढीच होती. पण लायसन्स लागत नाही म्हणून सुरक्षेची जबाबदारी सुटत नाही. तुम्ही 14 माणसांचे मालक आहात आणि कंपनी त्या जागेची भोगवटादार, म्हणजे जागा ताब्यात असलेली, आहे. कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य दोघांवरही आहे. कर्तव्यात कसूर होऊन गंभीर दुखापत झाली, तर व्यावसायिक सुरक्षा संहितेत एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही आहे. त्या दंडाची निम्मी किंवा जास्त रक्कम जखमीला द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकते.

वर्कऑर्डरमधले ‘सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ हे कलम तुमच्यात आणि कंपनीत पैशांच्या हिशेबापुरते आहे. कामगार, पोलीस आणि कारखाना निरीक्षक यांच्यापुढे ते चालत नाही. कामगार थेट कंपनीकडे भरपाई मागू शकतो, कंपनी ती भरून तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. तेव्हा तुमचे उत्तर असेल की परमिटशिवाय काम सुरू करण्याचा निरोप कंपनीच्या इंजिनिअरचा होता, छतावर अँकर (हूक अडकवायची पक्की जागा) नव्हता, फायबरच्या पत्र्यांवर खूण नव्हती. मागच्या तारखेची सही केलीत तर हे उत्तरच उरत नाही. मात्र एक गोष्ट तुम्हाला स्पष्ट सांगायला हवी. निरोप इंजिनिअरचा होता, पण हूक अडकवायला जागा नसलेल्या छतावर माणूस तुम्ही चढवलात. ‘त्याने बेल्ट अडकवला नाही’ हा बचाव घेऊ नका. तो टिकणार नाही, आणि त्या माणसावर अन्यायही होईल.

कामगाराच्या उपचाराचा आणि पोटाचा मार्ग ईएसआयमधून जातो, म्हणून इथे दिरंगाई नको. रोज 700 म्हणजे 26 दिवसांचे 18,200. वेतनाची मर्यादा 21,000 असल्याने तो ईएसआयच्या कक्षेत येतो. कामावरच्या दुखापतीला किती दिवस वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. नोंदणी नेमणुकीपासून 10 दिवसांत करायची असते. आजच पोर्टलवर त्याची नोंदणी करा, पण रुजू झाल्याची खरी तारीख टाका. अपघातानंतरची नोंदणी म्हटल्यावर चौकशी होणारच. तेव्हा हजेरी मस्टर, गेटपास आणि पगाराचे व्हाउचर तीनही जुळले पाहिजेत. लगोलग अपघाताचा अहवाल (फॉर्म 12) भरा. गंभीर दुखापतीत तो ताबडतोब द्यायचा असतो. ईएसआय महामंडळ त्याला लाभ देऊन रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते, ती किंमत तुम्हाला मोजावी लागेल. कंपनीलाही लेखी कळवा, कारण ठेकेदाराच्या माणसांच्या वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कंपनीची असते. तो ती भरून तुमच्या बिलातून वळती करू शकतो.

हे झाले तर उपचार चालू असेपर्यंत त्याला सरासरी रोजाच्या 90 टक्के, म्हणजे साधारण 630 रुपये रोज मिळतील. कायमचे अपंगत्व राहिले तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवेल. खासगी दवाखान्यात झालेल्या खर्चाच्या परताव्याचा वेगळा अर्ज असतो. त्यासाठी मूळ बिले आणि डिस्चार्ज कार्ड जपा.

ईएसआयचा लाभ लागू झाला की त्याच दुखापतीसाठी नुकसानभरपाईचा वेगळा दावा चालत नाही. ईएसआय नाकारले गेले, तर मात्र आकडा किती होतो ते बघा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक. 35 वर्षांना गुणांक 197.06 आहे. हिशेबासाठी वेतन 3 जानेवारी 2020 पासून जास्तीत जास्त 15,000 धरले जाते. म्हणजे 9,000 गुणिले 197.06, एकूण 17,73,540 रुपये. डॉक्टरांनी कमाईची क्षमता 40 टक्के गेली असे ठरवले तर 7,09,416. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय. देय झाल्यापासून महिन्यात दिले नाही तर 12 टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. तुमची डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा) असेल तर विमा कंपनीला आजच लेखी कळवा. पॉलिसीत कामाचे वर्णन नुसते ‘फॅब्रिकेशन’ आहे की उंचीवरचे कामही आहे, माणसे किती दाखवली आहेत, हे तपासा. विमेदार तिथेच अडवतात. दंड विमा भरत नाही.

आता दोन लाखांत मिटवण्याचे. घरच्यांची निकड खरी आहे, त्यांना पैसे द्याच. पण ‘यापुढे काही तक्रार नाही’ असा स्टँपपेपर नोटरी करून घेऊ नका. कामगाराला भरपाईचा हक्क सोडायला लावणारा करार कायद्याने निरर्थक आहे. भरपाईचा समझोता सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवला तरच उपयोगी पडतो. दवाखान्याची बिले थेट दवाखान्याला बँकेतून भरा. घरखर्चाला दिलेली रक्कमही बँकेतूनच द्या, शेऱ्यात ‘उपचार’ किंवा ‘वेतन आगाऊ’ लिहा. रोख दिलेले पैसे पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

पोलिसांकडे जायचे टाळू नका. इथे बहुधा भारतीय न्याय संहितेचे कलम 125(ब) लागेल : निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, गुन्हा जामीनपात्र. फोनवर बोलावले असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 35(3) ची लेखी नोटीस मागा आणि वकिलासोबत जा. जबाबात डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा. त्या वेळी तुम्ही साइटवर नसाल, तर नव्हतो म्हणा. दुखापतीने माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नसेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अपघाताची सूचना कंपनीने द्यायची असते. दिली नसेल, तर तुमच्या पत्राने ती देण्याचा दबाव येईल.

उरलेले पत्रे बदलायला पुन्हा वर जाणार असाल, तर हे झाल्याशिवाय एकही माणूस चढवू नका. सिमेंट पत्रा वजन पेलत नाही, जुना तर नाहीच. पर्लिनच्या (पत्रे ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) बोल्टच्या रेषेवरून चालायची आपल्याकडची सवय अपघाताला बोलावणे आहे, तोल गेला की पाय दोन पर्लिनच्या मध्येच पडतो. म्हणून पर्लिनवर टेकतील असे क्रॉलिंग बोर्ड हवेत, तेही दोन, म्हणजे एकावर उभे राहून दुसरा पुढे सरकवता येतो. धूळ बसून फायबरचा पत्रा सिमेंटसारखाच दिसू लागतो. चढायच्या आधी खालून उजेडात बघून प्रत्येक फायबर पत्रा मोजा, वरून फळीने झाका आणि रंगाने खूण करा. कमरेचा बेल्ट फेकून द्या. आयएस 3521 चा फुल बॉडी हार्नेस (सगळ्या अंगाला धरणारा पट्टा) आणि दुहेरी लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला हूकचा दोर) घ्या, म्हणजे एक हूक काढताना दुसरा अडकलेला असतो. लाइफलाइन पत्र्याच्या हूक बोल्टला नाही, ट्रसला (छताच्या मुख्य लोखंडी सांगाड्याला) बांधा.

आता मापे बघा. लॅनयार्ड 1.8 मीटर, शॉक ॲब्सॉर्बर (पडताना झटका शोषणारा भाग) फाटून लांबतो दीड-पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर एक मीटर राखीव. अँकरखाली साधारण 6 मीटर मोकळी जागा लागते. 22 फूट म्हणजे 6.7 मीटर. खाली दोन मीटर उंच मशीन असेल, तर हार्नेस असूनही माणूस मशीनवर आदळेल. तिथे छताच्या लगेच खाली सेफ्टी नेट बांधा आणि कडेपर्यंत पोचूच नये इतका आखूड लॅनयार्ड द्या. चढणाऱ्यांची फिट, चक्कर आणि बीपीसाठी डॉक्टरी तपासणी करून दाखला फाइलला लावा. नेमणूकपत्र 14 जणांनाही द्या, संहितेने ते आवश्यक केले आहे. परमिट रोजचे रोज, काम सुरू होण्याआधी, कंपनीच्या माणसाने छतावर येऊन बघून दिलेले हवे, आणि त्याची प्रत तुमच्या ताब्यात हवी. शटडाउन संपत आला म्हणून कोणी घाई केली, तर लेखी आदेश मागा. घाईचा आदेश लेखी द्यायला फारसे कोणी तयार होत नाही.

बिलाचा विषय अपघाताच्या पत्रांत आणू नका. झालेल्या कामाची संयुक्त मोजणी करून घ्या, मेजरमेंट शीटवर सह्या घ्या आणि बिल वेगळ्या पत्राने मागा. कंपनीने रक्कम रोखली, तर कोणत्या कलमाखाली आणि किती, हे लेखी विचारा. वर्कऑर्डर, तिच्या अटींची पूर्ण प्रत आणि पॉलिसी घेऊन या आठवड्यातच सांगलीतल्या कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा.