मेलेला बैल, मेलेलं गिधाड आणि वनखात्याचं बोलावणं

प्रश्न : ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या (जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावात माझी पाच एकर शेती आहे. गिधाडं परत आणायची म्हणून आमच्या गायरानात मेलेली गुरं टाकायची जागा करू, असं वनखात्यानं सुचवलं आणि गावात दोन तट पडले. मी ग्रामसभेत विरोधात बोललो. वाघ आणि रानडुकरांनी आधीच जीव नकोसा केला आहे, आता गिधाडांच्या नावानं गायरानही जाईल, असं माझं म्हणणं होतं. पुढं माझा बैल लंगडायला लागला. गावात येणाऱ्या खासगी डॉक्टरनं दोन दिवस इंजेक्शनं दिली, तिसऱ्या दिवशी बैल मेला. नेहमीप्रमाणे नाल्याकाठी टाकला. चार दिवसांनी पाठीवर यंत्र लावलेलं एक गिधाड तिथं जवळच मेलेलं सापडलं. वनरक्षक म्हणतो, सोमवारी बयान द्यायला या. गावात काही जण म्हणतात, यानं मुद्दाम विष घातलं. मला जेल होईल का?

उत्तर : भाऊ, सोमवारी जा, पण एकटे जाऊ नका आणि नुसत्या तोंडी निरोपावर जाऊ नका. कोणत्या गुन्ह्याच्या चौकशीत, कोणत्या अधिकाऱ्यासमोर, साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून बोलावलं आहे, हे लेखी मागा. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे खेड्यातही बहुतेकांना माहीत असतं. वनाधिकारी मात्र पोलीस नाहीत. त्यांच्यापुढं ‘चूक झाली, माफ करा’ एवढं लिहून दिलंत तरी ते तुमच्याविरुद्ध वापरता येतं. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्यानं आरोपीसमक्ष नोंदवलेला पुरावा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५० नुसार खटल्यात ग्राह्य धरतात. म्हणून खरं तेच सांगा, पण स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हा घटनेच्या अनुच्छेद २० नं दिलेला हक्क आहे.

आता जेलचं. गिधाड या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि ‘शिकार’ या शब्दात विष घालून मारणंही येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. गुन्हा अजामीनपात्र आहे. नोटिशीत तुमचं नाव आरोपी म्हणून असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी, बयान नंतर. पण तुम्ही सांगता तसंच घडलं असेल, तर ही शिकार ठरवणं सरकारी पक्षाला जड जाईल. आजारी बैलावर उपचार करणं म्हणजे गिधाडाला विष घालणं नव्हे.

सगळं प्रकरण त्या इंजेक्शनच्या बाटलीवर येऊन थांबतं. नव्वदच्या दशकात गिधाडं आकाशातून नाहीशी झाली, त्याचं मुख्य कारण डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध होतं. ते दिलेलं जनावर लवकरच मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो. गुरांसाठी ते २००६ मध्ये बंद झालं. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली तीन मिलिलिटरवर आणली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधांवरही गुरांसाठी बंदी आली. त्याच कामाचं मेलॉक्सिकॅम हे औषध मात्र गिधाडांना सुरक्षित आहे. ही बंदी औषध बनवण्यावर, विकण्यावर आणि वाटण्यावर आहे. बाटलीवरचं नाव न वाचता डॉक्टरवर भरवसा ठेवणारा शेतकरी त्या बंदीत येत नाही. तो डॉक्टर नोंदणीकृत आहे का, औषध त्यानं कुठून आणलं, हे प्रश्न वनखात्यानं आधी त्याला विचारायला हवेत.

म्हणून आजच गोठ्यात आणि उकिरड्यावर रिकाम्या बाटल्या शोधा. डॉक्टरला पैसे फोनवरून दिले असतील तर त्याची नोंद काढा, त्याचे संदेश पुसू नका. इंजेक्शन कोणत्या तारखेला, बैल कधी मेला, कधी टाकला, हे आठवून लिहा. गुरांच्या अंगातून हे औषध काही दिवसांत निघून जातं, त्यामुळे दिवसांचा हिशेब इथं मोलाचा आहे. गिधाडाच्या शवविच्छेदनाचा आणि प्रयोगशाळेचा अहवाल वकिलामार्फत मागा. पाठीवरच्या यंत्रातली नोंदही मागा. गिधाड दिवसाला कितीतरी किलोमीटर फिरतं, ते आधी दुसरीकडं जेवलं असेल तर यंत्र ते सांगेल. अहवालात थायमेटसारखं कीटकनाशक निघालं तर मात्र प्रकरण वेगळं होतं. उघड्यावर पडलेल्या बैलावर डुकरांसाठी किंवा कुत्र्यांसाठी कुणी काही टाकलं का, हे तुम्हाला माहीत असेल तर वकिलाला सगळं सांगा, लपवू नका. आणि त्या गिधाडाचं पीस किंवा यंत्र घरी कुणी उचलून आणलं असेल तर आजच वकिलाला सांगून ते जमा करा. पीस ही सरकारी मालमत्ता आहे, ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे. नुसतं घरात सापडलं तरी ते बेकायदा नाही, हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल.

ग्रामसभेत विरोधात बोललात म्हणून तुम्ही विष घातलं, हा तर्क मला फार खटकतो. ग्रामसभा त्याचसाठी असते. त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत घ्या, म्हणजे तुम्ही गायरानाबद्दल बोललात, पक्षी मारण्याबद्दल नाही, हे कागदावर राहील. मला स्वतःला गिधाडं परत यायला हवी आहेत. २०२४ च्या जानेवारीत हरयाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून ती पेंच आणि ताडोबात आणली, तेव्हा मी मनापासून आनंदलो. पण गुरांचं औषध बदलल्याशिवाय पक्षी सोडायचे आणि पक्षी मेला की शेतकऱ्याला बोलवायचं, हे मला मान्य नाही. तुमच्या भीतीबद्दल एवढं सांगतो : गिधाड सोडल्यानं गायरानाचा कायदेशीर दर्जा आपोआप बदलत नाही. अभयारण्य करायचं तर अधिसूचना लागते, जिल्हाधिकाऱ्यांना लोकांच्या हक्कांची चौकशी करावी लागते. मेलेल्या गुरांची जागा ठरवताना ग्रामसभेनं ठरावात अट घालावी, की डॉक्टरच्या औषधाची लेखी नोंद असलेलंच जनावर तिथं जाईल, बाकीचं वनखात्याच्या खर्चानं खोल पुरलं जाईल. ही अट तुम्हीच मांडा.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत शनिवारच्या आत अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही. डॉक्टरला आत्ता धमकावू नका, त्याच्याशी समझोताही करू नका. तो साक्षीदार होईल की आरोपी, हे अहवाल आल्यावरच कळेल.