पाच लाख मानधन, की दीड लाख आणि नफ्यात वाटा?

प्रश्न: वय ४४, गोरेगावला भाड्याने राहतो. बारा वर्षांत कमी बजेटचे सहा भयपट लिहिले. दोन चित्रपटांचे संवाद कॉलेजच्या मुलांना तोंडपाठ आहेत, पण मला मानधनापलीकडे काही मिळालं नाही. नव्या पटकथेसाठी निर्माता म्हणतो, पाच लाख घ्या, नाहीतर दीड लाख आणि निव्वळ नफ्यात दहा टक्के. घरखर्च ६२ हजार, पत्नीचा पगार ३८ हजार, मुलगी नववीत, एफडी सात लाखांची. मला वाटा घ्यावासा वाटतो. कमी पडलं तर एफडी मोडू.

उत्तर: पाच लाख घ्या.

सहा वेळा हात रिकामे राहिल्यावर सातव्या वेळी वाटा मागावासा वाटणं अगदी रास्त आहे. पण तो निव्वळ नफ्यात मागू नका. तो हिशोब निर्माता मांडतो. कर्जाचं व्याज, प्रसिद्धी, वितरकाचं कमिशन, ऑफिसचं भाडं सगळं त्यातून वजा होतं, आणि तुमच्यासारख्या चित्रपटाला प्रेक्षक सापडतो तोवर ते खातं कधीच मिटलेलं असतं.

१९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहा. वितरकाने नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना टाकायची राहिली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने चित्रपट कोणीही दाखवावा असा मोकळा झाला. पुढे तो जगभर चालला, पण करणाऱ्यांच्या हाती त्या मानाने फारच थोडं आलं. आपल्याकडे सूचनेची गरज नाही, लिहिताक्षणी हक्क तुमचा. तो जातो करारावरच्या सहीने.

म्हणून घासाघीस तिथे करा. रिमेक, सिक्वेल आणि वेब मालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवा. ते सुटत नसतील तर प्रत्येकाचं वेगळं मानधन लिहून घ्या. मुदत आणि प्रदेशही लिहा: कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण करारात ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असे शब्द असले की हे संरक्षण संपतं. या कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी लेखकाला सोडून देता येत नाही, करारात काहीही लिहिलं तरी. मात्र ती वसूल होईपर्यंत घर तिच्यावर चालवू नका.

आता घराकडे बघू. दरमहा २४ हजार कमी पडतात. पाच लाखांतून १० टक्के टीडीएस गेला तरी साडेचार लाख उरतात, म्हणजे जवळजवळ एकोणीस महिने निघतात. दीड लाखात साडेपाच. (पटकथालेखकाला अनुमानित करपद्धत चालते, निम्मी जमाच उत्पन्न धरतात. इतर मोठी कमाई नसेल तर विवरणपत्र भरून कापलेला कर परत मिळवा. किती लेखक हे पैसे तसेच सोडतात!)

अर्थात एकोणीस महिने पैसे वेळेवर आले तरच. साइनिंगला दोन लाख, पहिल्या ड्राफ्टला दीड, अंतिम ड्राफ्टला दीड असं मागा. एकही हप्ता प्रदर्शनाशी बांधू नका. माझ्याकडे येणाऱ्या लेखकांचा पैसा बहुतेक वेळा तिथेच अडकलेला असतो.

एफडीला हात नको. मुलगी तीन वर्षांत बारावी होईल, ते सात लाख तिचे. नॅरेशनआधी, म्हणजे कोणाला कथा ऐकवण्याआधी, पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, आणि करार सहीआधी वकिलाला दाखवा. त्यांची फी घरखर्चात धरू नका, या पाच लाखांतूनच द्या.