तुझ्या स्क्रिप्टमधला बर्फ

बाबू,

इफ्फीच्या, त्या फिल्म फेस्टिव्हलच्या लायनीत भेटलास तेव्हा नीट बोलता आलं नाही, मागचे ढकलत होते. पण तुझं ते "काका, मला कार्पेंटरसारखा हॉरर करायचाय, पण गोव्यात आहे काय?" डोक्यातनं जातच नाहीये.

त्या अमेरिकन डायरेक्टर जॉन कार्पेंटरकडे तरी काय होतं रे? १९७८ चा 'हॅलोविन' तीन-सव्वातीन लाख डॉलरात, वीसेक दिवसांत काढला. गोष्ट पानगळीतली आणि शूटिंग कॅलिफोर्नियात ऐन वसंतात, मग रंगवलेली पानं रस्त्यावर टाकायची, शॉट झाला की गोळा करायची नि पुढच्या शॉटला परत तीच पसरायची. खुन्याचा चेहरा म्हणजे दुकानातला दोनेक डॉलरचा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं भूत. हाताशी होतं त्यातनं काढलं.

आणि म्युझिक! तेही स्वतःच केलं. ती पियानोवरची टुणटुण आहे ना, पाच मात्रांची, तो ठेका त्याला लहानपणी बापाने बोंगोवर शिकवलेला. बाप संगीत शिकवायचा. आणि तुझे बाबा चवथीला घुमटावर, त्या आपल्या मातीच्या वाद्यावर, सुंवारी वाजवतात नि तू लॅपटॉपवर फुकटचे भुताचे आवाज शोधत बसतोस? रागावू नको, पण कमाल आहे.

कॉपी की प्रभाव, असंही विचारलंस. जुना डायरेक्टर हॉवर्ड हॉक्स म्हणजे कार्पेंटरचा देव. पण हॉक्सच्या १९५९ च्या 'रिओ ब्राव्हो' या वेस्टर्नमधली कोंडलेली माणसं कार्पेंटरने १९७६ मध्ये 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३'मध्ये लॉस एंजेलिसच्या बंद पडत आलेल्या पोलिस चौकीत आणून बसवली, एडिटर म्हणून नाव लावलं तेही त्यातल्या जॉन वेनच्या पात्राचं. चोरी लपवली नाही, पण घोडे नाही आणले. तू घोडेच आणायला निघालायस. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या गोष्टीत बर्फ पडतो तुझ्या, बर्फ! घरात आजी राखणदाराला, गाव राखणाऱ्या त्या देवाला, रोट नि विडी ठेवते, ती स्क्रिप्टमध्ये कुठाय? हाताशी आहे त्यातनं काढ, किती वेळा सांगू.

माझंही देवचाराचं, म्हणजे आपल्याकडच्या भुताचं, एक स्क्रिप्ट होतं. मुंबईच्या एका प्रोड्युसरने दोन वर्षं "बघू बघू" करत ठेवून घेतलं, मग मीच विचारायचं सोडलं. लोक म्हणतात भ्यालो. भ्यालो बियालो काही नव्हतो, तेव्हा रीळ लागायचं, लॅबला पैसे लागायचे, तुमच्यासारखं मोबाइल काढला नि सुरू असं नव्हतं. मेव्हण्याकडे लग्नं शूट करायचा व्हिडिओ कॅमेरा होता, ते खरं. मागितला असता तर दिला असता त्याने. मला पडद्यावर मोठं दिसायला हवं होतं.

असो. मुंबईला जायचं तर जा, मी कोण अडवणारा. पण आधी रविवारी फोंड्याला ये, बाबांचं घुमट घेऊन ये, विचारून घे हां. रेकॉर्डर आहे माझ्याकडे. रात्री पंखा बंद करून नुसतं एक घुमट कसं ऐकू येतं ते बघू.

काका